शोधलंच नाही, मग सापडणार कसं?

नैरोबीच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची. पिशवी ओटीपोटाशी धरलेली, वरून लेसो, म्हणजे तिकडच्या बायका नेसतात ते रंगीत सुती कापड, गुंडाळलेला, कपाळावर घाम. येणारा-जाणारा तिला ‘पोले’ म्हणायचा. दुसऱ्याला त्रास होताना दिसला की स्वाहिलीत हाच शब्द तोंडून निघतो. पण हे कशामुळे होतंय याचा शोध नऊ वर्षांत एकाही डॉक्टरने घेतला नव्हता. कधी टायफॉइड, कधी अल्सर, कधी जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक. एकाने तर ‘एक मूल होऊ दे, थांबेल आपोआप’ म्हणून घरी पाठवलं. हे वाक्य आपल्याकडे किती जणींनी ऐकलंय ते मी वेगळं सांगायला नको.

शेवटी पोटात दुर्बीण घालून तपासलं आणि नाव कळलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर वाढतो. पाळीत त्यातूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आत सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. तिचं आतडं अंडाशयाला चिकटलेलं होतं. पाळीत शौचाला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी का यायची, ते तिला त्या दिवशी कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार आहे, म्हणजे जगभरात १९ कोटी. तरी आफ्रिकन बायकांमध्ये तो क्वचितच होतो, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. अमेरिकेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात जो मेग्ज नावाच्या डॉक्टरांनी त्याचा संबंध उशिरा लग्न आणि उशिरा मूल होऊ देणाऱ्या सुखवस्तू बायकांशी जोडला, आणि हा गोऱ्या बायकांचा आजार ठरला. काळ्या बाईचं ओटीपोट दुखतंय म्हणजे लैंगिक संबंधातून झालेला संसर्ग, हे तिला न तपासताच ठरायचं. मला या गोष्टीचा फार राग येतो. दुखणं तिचं, वर चारित्र्यावर संशयही तिच्याच! १९७६ मध्ये डोनाल्ड चॅटमन या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर संसर्गाचा शिक्का बसलेल्या कितीतरी जणींना एंडोमेट्रिओसिस निघाला. नायजेरियात इबादानच्या एका अभ्यासात स्त्रीरोगांच्या तक्रारींसाठी दुर्बिणीने तपासलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींमध्ये तो सापडला. त्या आधीच त्रास होणाऱ्या बायका होत्या, म्हणून हा आकडा सगळ्यांना लागू होत नाही. पण ‘आमच्याकडे नसतोच’ हे म्हणणं त्यानंतर टिकत नाही. शिवाय काळ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी जास्त आढळतात. सोनोग्राफीत गाठ दिसली की सगळं दुखणं तिच्या नावावर जातं.

केनियात हे नाव घराघरात पोचवलं न्जांबी कोइकाईने. रेगे संगीताच्या कार्यक्रमांची लाडकी निवेदिका, रेडिओ-टीव्हीवरचा भारदस्त आवाज. तिच्या छातीपर्यंत हा आजार पोचला होता, फुप्फुस पुन्हा पुन्हा खचायचं. उपचारांसाठी तिला पार अमेरिकेत अटलांटाला जावं लागलं. जून २०२४ मध्ये ३८ व्या वर्षी ती गेली. तेव्हा ऑफिसात आमच्या टेबलापाशी कुणी बोलत नव्हतं.

पाळीत कळा येतात हे खरं, पण गोळी घेऊनही उठता येत नसेल, शाळा किंवा काम बुडत असेल, तर ते नेहमीचं दुखणं नाही. शरीरसंबंधात दुखणं, लघवी-शौचाला दुखणं, पोट टम्म फुगणं, कायमचा थकवा, दिवस न राहणं, ही सगळी लक्षणं याच आजाराची असू शकतात. आणि बायांनो, दुखणं किती यावरून आजार किती पसरलाय हे कळत नाही. काहींना तर काहीच दुखत नाही.

माझ्या या ऑफिसातल्या मैत्रिणीची धाकटी बहीण पंधरा वर्षांची आहे. सख्ख्या बहिणीला असेल तर धोका वाढतो, म्हणून ताईने तिला एक वही आणून दिलीय. पाळीची तारीख, कुठे दुखलं, शाळा किती दिवस बुडली, सगळं ती त्यात लिहिते. चार महिन्यांची पानं भरलीत. गुरुवारी ती वही घेऊन दोघी डॉक्टरांकडे जाणार आहेत.