गरोदरपणातील अ‍ॅस्पिरिनबाबत खुलासा

‘गरोदर बाईला अ‍ॅस्पिरिन दिली की बाळाचे रक्त पातळ होऊन त्याची वाढ खुंटते, म्हणून डॉक्टरांनी दिली तरी घेऊ नका,’ असा संदेश सध्या गोव्यातील डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरत आहे. तो चुकीचा आहे.

बाळाची वाढ पुष्कळदा खुंटते ती वारेतून पुरेसे रक्त पोहोचत नसल्यामुळे. गरोदरपणाच्या पूर्वार्धात गर्भाशयातील रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. त्या अरुंदच राहिल्या, तर बाळाचे पोषण कमी पडते आणि आईला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांनाही धोक्यात आणणारा आजार, होण्याचा धोका असतो. हा धोका अधिक असलेल्या स्त्रियांनाच अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन, शक्यतो सोळाव्या आठवड्यापूर्वी, सुरू करतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्प्रे’ या मुख्यतः युरोपातील मोठ्या चाचणीत अशा स्त्रियांना रोज रात्री 150 मिलिग्रॅम गोळी दिली गेली, तेव्हा 37 आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. कमी वजनाच्या बाळांच्या प्रमाणात मात्र त्या चाचणीत ठळक फरक दिसला नाही, आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

डोकेदुखीसाठी घरात असलेली जास्त मात्रेची गोळी हा याला पर्याय नव्हे, आणि शेजारणीला दिली म्हणून आपणही घ्यावी असे तर मुळीच नाही. हा संदेश वाचून ज्यांनी गोळी बंद केली असेल, त्यांनी पुढच्या तपासणीची वाट न पाहता आपल्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना तसे लगेच कळवावे.