घरं बांधली, पाणी आणि रस्ता कोण देणार?

विरार पश्चिमेला बोळींजमध्ये म्हाडाने जवळपास दहा हजार घरांची वसाहत उभी केली. इमारती पक्क्या, कागदपत्रं स्वच्छ, मालकी हक्काची घरं. तरीही त्यातली हजारो घरं वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. सोडतीमागून सोडती निघाल्या, शेवटी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणून जाहिराती द्याव्या लागल्या. यामागचं मोठं कारण विरारमध्ये रिक्षावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. वसाहतीला पुरेसं पाणी नव्हतं.

आता त्याच वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतली दुसरी गोष्ट. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या, त्यात सुमारे अडीच हजार कुटुंबं राहायला आली. ती जमीन विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत या इमारती पाडल्या गेल्या. मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या आणि लोक भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर बसलेले.

एकाच शहरात सरकारी अधिकृत घरं माणसांवाचून ओस आणि बेकायदा घरं माणसांनी गच्च भरलेली. ‘लोकांनी कागद बघून घर घ्यायला नको का?’ असं त्या वेळी अनेकांनी लिहिलं. मी विरारची आहे आणि हा प्रश्न मला फार लागला. रोज पहाटेची लोकल पकडून चर्चगेटकडे साठ किलोमीटर जाणारा माणूस घर निवडताना आधी पाणी येतं का बघतो, मग स्टेशनपासूनची शेअर रिक्षा, मग मुलांची शाळा. या तिन्ही गोष्टी अनधिकृत चाळीत कशाबशा मिळतात, आणि अधिकृत वसाहतीत त्या कधी मिळतील याची तारीख सांगायला कुणी तयार नसतं. गरीब माणूस कुठे राहणार हे आपल्याकडे जलवाहिनी आणि रस्ता ठरवतात. म्हणून महापालिकेत पाणी, गटार आणि रस्त्याबद्दल होणारा प्रत्येक निर्णय हा घरांबद्दलचाच निर्णय असतो असं मला ठामपणे वाटतं.

बोळींजचं पाणी का अडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. घरं बांधली म्हाडाने. मोठी जलवाहिनी टाकायची एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने. घरोघरी पाणी वाटायचं वसई-विरार महापालिकेने, जिच्याकडे उसगाव आणि पेल्हार धरणांचं आणि सूर्या प्रकल्पाच्या जुन्या योजनांचं पाणी आधीच्या वस्तीलाच पुरत नव्हतं. रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी देणारी नवी सूर्या योजना आली, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. वसई-विरारला हे पाणी यायला २०२३ उजाडलं, आणि त्यानंतरच बोळींजच्या घरांकडे लोक वळू लागले. (हे पाणी ज्या धरणाचं आहे ते पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी बांधलं होतं. त्यांच्या शेतीचं काय, हा प्रश्न आपण शहरातल्या लोकांनी नजरेआड करू नये. त्यावर वेगळं लिहीन.) प्रत्येक खात्याने आपापलं काम फायलीत पूर्ण केलं असेल. पण घर, पाणी आणि रस्ता एका तारखेला एकत्र आणण्याची जबाबदारी कुणा एकावर नव्हती. ती असायला हवी आणि माझ्या मते ती महापालिकेवरच असायला हवी. रस्ते, पाणी आणि मलनिस्सारण ही महापालिका अधिनियमानुसार तिची बंधनकारक कर्तव्यंच आहेत.

रस्त्याचं दुखणं आणखी जुनं. आमच्या शहराचा विकास आराखडा सिडकोच्या काळातला, २०२१ पर्यंतच्या गरजा धरून आखलेला. त्यात रुंद डीपी रस्ते, म्हणजे विकास आराखड्यातले रस्ते, दाखवलेत. प्रत्यक्षात गेलं तर कुठे शेत, कुठे चाळ, कुठे एका बिल्डरच्या गेटपाशी संपणारं डांबर. कारण रस्ता नकाशावर आखणं फुकट असतं, जमीन ताब्यात घेणं फुकट नसतं. मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्यायचा की रोख यावर जमीनमालकाशी घासाघीस चालते, अंदाजपत्रकात भूसंपादनाला पैसे नसतात, आणि वर्षं सरतात. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं उलटली तर मालक ‘माझी जमीन आता विकत घ्या’ अशी खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षणच रद्द होतं. एका टेबलावर फाईल पडून राहिली म्हणून अख्ख्या वस्तीचा रस्ता कायमचा जाऊ शकतो, इतकं हे गंभीर आहे.

आणि रस्ता नसण्याची किंमत फक्त उशिरा पोहोचण्यात मोजायची नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसं गेली. इमारत अनधिकृत होती. चिंचोळ्या गल्लीतून अवजड यंत्रं आत नेता येईनात, म्हणून सुरुवातीला जवानांनी हाताने ढिगारा उपसला. ढिगाऱ्याखाली माणूस असताना एकेक मिनिट काय असतं ते सांगायला नको.

घर नुसतं स्वस्त असून भागत नाही, हे मुंबईतही दिसलं. तिथे माहुलला पालिकेनेच प्रकल्पबाधितांना नेऊन ठेवलं. शेजारी रिफायनऱ्या, हवेने माणसं आजारी पडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. अलीकडे तिथली रिकामी घरं पालिकेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत देऊ केली. मुंबईत या भावात घर, तरी प्रतिसाद तुटपुंजा. एवढ्या स्वस्तातही लोक नको म्हणतात, तेव्हा आकड्यापलीकडे बघायला हवं.

हे सगळं चालू असताना वसई-विरारमध्ये जून २०२० पासून नगरसेवकच नव्हते. साडेपाच वर्षं प्रशासक. प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा एकच माणूस. स्थायी समितीत कुणी उठून ‘हा रस्ता कुणासाठी?’ असं विचारणारं नव्हतं. नगरसेवक असले की सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही, पण निदान दार ठोठवायला एक दार असतं. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं आणि ते दार पुन्हा आलं. त्याचा उपयोग आपण केलाच पाहिजे.

माझं मागणं एवढंच आहे. शहरात परवडणाऱ्या घरांची कोणतीही योजना, मग ती म्हाडाची असो, प्रधानमंत्री आवास योजनेची असो की मोठ्या बिल्डरने वीस टक्के योजनेत (मोठ्या प्रकल्पात परवडणाऱ्या घरांसाठी ठेवायचा वाटा) द्यायची असो, तिची सोडत काढण्याआधी महापालिकेने तीन गोष्टी लेखी जाहीर कराव्यात. पाणी कुठल्या वाहिनीतून, किती आणि कधी येणार. पोहोचरस्त्याची जमीन ताब्यात आहे का. आणि पहिल्या दिवसापासून परिवहनची बस जाणार का. आवास योजनेत केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाखांचं अनुदान देतात. पाणी नसलेल्या घरात ते अनुदान टँकरवाल्याच्या खिशात जातं, रस्ता नसेल तर रिक्षाच्या भाड्यात.

बांधकाम परवानगी देताना महापालिका विकास शुल्क घेते. ते सोयीसुविधांसाठीच असतं. मग ज्या भागातून ते गोळा झालं त्या भागात किती खर्च झालं, हे दरवर्षी प्रभागनिहाय छापायला काय हरकत आहे? पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामं सुचवून घेऊन अंदाजपत्रकात धरतात. अपुरी पद्धत आहे, पण आहे. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूदही आपल्या कायद्यात २००९ पासून आहे. तुमच्या भागात एकदा तरी क्षेत्रसभा झाली आहे का?

नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्याचा नकाशा बघता येतो. आपल्या वसाहतीकडे येणारा डीपी रस्ता शोधा, त्याची रुंदी लिहून घ्या आणि निवडून आलेल्या नगरसेवकाला विचारा, या रस्त्याच्या भूसंपादनासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम आहे. उत्तर लेखी मागा. मी माझ्या प्रभागात मागते आहे.