‘नर्सला दोष देणं सोपं आहे’ : एका सिस्टरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सिस्टर,

पावसाळ्याच्या आधी दवाखान्यातल्या प्रत्येकाने फ्लूची लस घ्यावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की निवृत्त होऊन इंदूरच्या राजेंद्र नगरात घरी बसल्यावर नर्सला दोष देणं सोपं आहे. लस अर्धीमुर्धीच चालते, घेतल्यावर ताप येतो, तापाला सुट्टी मिळत नाही, इतक्या वर्षांत तुम्हाला कधी फ्लू झाला नाही, मग ही बळजबरी कशाला? शेवटी तुमच्या वॉर्डातल्या गरोदर सिस्टरबद्दलही विचारलंत.

मी लिहिलेल्यावर ठाम आहे. पण तुमचा राग खरा आहे आणि त्यातली एक गोष्ट तर मीच तुमच्याहून मोठ्याने सांगेन. ती सुट्टीची. तिच्याकडे येतेच.

लस अर्धीमुर्धी चालते, हे बरोबर. ज्या वर्षी लशीतले विषाणू आणि हवेतले विषाणू नीट जुळतात, त्या वर्षीसुद्धा संरक्षण साधारण ४० ते ६० टक्के. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीत काय घालायचं ते ठरवते आणि आपल्याला दरवर्षी नवी सुई घ्यावी लागते. याहून चांगली लस हवी, यात वाद नाही. पण आयसीयूत काम करणाऱ्या बाईला निम्मा धोका कमी होणं ही थोडकी गोष्ट वाटत नाही मला. २०१५ साली स्वाइन फ्लूने देशात दोन हजारांहून जास्त माणसं गेली. मध्य प्रदेशही त्यात होता. ते दिवस तुम्हीही वॉर्डात काढले असतील.

तापाचं म्हणाल तर टोचून घ्यायच्या लशीत विषाणू मेलेला असतो. तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. हात दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते, ती लशीला शरीराने दिलेली प्रतिक्रिया. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, त्या मधल्या काळात खरा फ्लू गाठू शकतो आणि खापर सुईवर फुटतं. आपण जुलैत, वॉर्ड भरल्यावर शिबिर लावतो, तेव्हा हे हमखास होतं. आपल्या भागात फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीच्या शेवटी वाढतो. लस एप्रिल-मेमध्येच झाली पाहिजे.

‘मला कधी फ्लू झाला नाही’ हे मात्र मी मान्य करू शकत नाही. नोकरीभर मी हे सर्वांकडून ऐकलं, मोठमोठ्या डॉक्टरांकडूनही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रुग्णालयांत १९९३-९४ च्या हिवाळ्यात पाचशेवर कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या २३ टक्के लोकांना त्या हिवाळ्यात फ्लूचा संसर्ग होऊन गेलेला निघाला. त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त लोकांना फ्लू झाल्याचं आठवत नव्हतं आणि चौथ्या हिश्श्याहून अधिकांना साधी सर्दी झाल्याचंही नाही! म्हणजे ही माणसं ड्यूटीवर होती, सक्शन करत होती (म्हणजे पेशंटच्या घशातला कफ नळीने ओढून काढत होती), पेशंटची कूस बदलत होती. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून माणूस विषाणू पसरवू शकतो. तब्येत बरी वाटते म्हणजे आपल्याकडून काही जात नाही, असं कुणीच छातीठोक सांगू नये. कॅन्सरची केमो चालू असलेला पेशंट आपल्याला कोण हात लावणार हे निवडू शकत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण व्यवस्थापनाचे लोक ती सांगत नाहीत. कर्मचाऱ्यांनी लस घेतल्याने पेशंटचे मृत्यू किती कमी होतात, याचा पुरावा पोस्टरवर लिहितात तेवढा पक्का नाही. स्कॉटलंडमध्ये वृद्धांच्या दीर्घकालीन देखभालीच्या रुग्णालयांत असे अभ्यास झाले आणि मृत्यू कमी झालेले दिसले. पण पुढे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनी ते कच्चे ठरवले. म्हणून ‘लस घेतली नाहीस तर पेशंट मारशील’ अशी भाषा मी वापरत नाही, कुणी वापरू नये. त्या भाषेनेच लोक दुरावतात. लस आधी तुमच्यासाठी आहे, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. आणि पेशंटपर्यंत तुमच्यामार्फत संसर्ग जाण्याचा धोका तिने घटतो, हे समजण्यासारखं आहे.

आता सुट्टी. मी ज्या खासगी दवाखान्यात संसर्ग नियंत्रणाचं काम पाहत होते, तिथे शिबिर दुपारी ओपीडीत असायचं. नाइट ड्यूटीवाले झोपलेले आणि ठेकेदाराकडचे सफाईवाले, आयाबाई, वॉर्डबॉय यादीतच नसायचे. बाहेर हीच लस घ्यायची तर दीड-दोन हजारांच्या आसपास खर्च. दहा-बारा हजारांवर राबणारा माणूस तो करेल का? एका वॉर्डबॉयने मला सरळ विचारलं होतं, “मॅडम, सुई के बाद बुखार आया तो छुट्टी मिलेगी या पैसे कटेंगे?” मी वरिष्ठांकडे गेले. उत्तर आलं, पैसे कापले जातील. त्याने लस घेतली नाही. त्याला अडाणी म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही.

हेच लोक हिपॅटायटिस बी ची लस मागून घेतात, कारण पेशंटला वापरलेली सुई चुकून टोचून ही रक्तातून पसरणारी कावीळ होण्याची भीती रोज हाताला जाणवते. १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली तेव्हा पहिल्या रांगेत आपणच होतो. म्हणजे लशीचं वावडं नाही. श्रीनगरमध्ये चौदाशेवर आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली होती, २०१३ मध्ये ती छापून आली. फ्लूची लस कधीतरी घेतलेले त्यात शंभरात पाचसुद्धा नव्हते. एवढा कमी आकडा एकेकाच्या आळसातून येत नाही. लस त्यांच्यापर्यंत नीट पोचवलीच जात नाही.

सक्तीचं बोललात. अमेरिकेतल्या सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये ती केली. नर्सची संघटना भांडली, तरी लसीकरण ९७ टक्क्यांच्या वर गेलं. सक्ती चालते, हे खरं. पण ज्या इंदूरात ठेक्यावरच्या बाईला तापाची भरपगारी सुट्टी नाही, तिथे सक्ती म्हणजे तिची नोकरी धोक्यात घालणं. आधी लस फुकट द्या, वॉर्डात येऊन रात्रीच्या शिफ्टलाही द्या, ठेकेदाराच्या माणसांना द्या, नंतरच्या तापाला पगार कापू नका. हे झाल्याशिवाय सक्तीच्या बाजूने मी सही करणार नाही. तुम्ही आणि मी दोघींनी मिळून हा अर्ज मेट्रनकडे, म्हणजे नर्सच्या प्रमुखांकडे, द्यायचा असेल तर मसुदा मी लिहून देते, नाव तुम्हाला नको असेल तर माझं घाला.

आणि तुमच्या गरोदर सहकारिणीसाठी. तिच्या सासूबाई लशीला घाबरतात, ते स्वाभाविक आहे. पण गरोदरपणात फ्लू जास्त जड जातो आणि टोचायची लस कुठल्याही महिन्यात चालते. नाकात फवारायची मात्र नको, तिच्यात जिवंत विषाणू असतो. बाळाला सहा महिन्यांपर्यंत ही लस देताच येत नाही, तोवर आईकडून आलेलं संरक्षणच त्याच्या कामी येतं. पूर्वी लशीनंतर ॲलर्जीची मोठी रिॲक्शन आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायला सांगा. नाहीतर पुढच्या तपासणीला जाईल तेव्हाच घेऊन टाकू दे. मॉन्सून लागायच्या आत झाली तर उत्तम.