‘मला गायचंच नाहीये!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, दुसऱ्यांदा बरंचसं पटलं, म्हणून हे लांबलचक उत्तर. मागाहून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. वाद्य शिकणाऱ्यानंही कान तयार करायला सूर गळ्यानं म्हणून पाहावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं. तुम्ही कीबोर्ड शिकताय, गायक व्हायचं नाही. गळा बेसूर आहे. तरी माझं ऐकून महिनाभर रोज सूर लावून पाहिलेत, फरक शून्य. सूर लागला की नाही हे मोबाइलमधला ट्यूनर फुकट सांगतो. आणि ‘ज्याला म्हणता येत नाही, त्याला ऐकूच आलेलं नाही’ हे माझं वाक्य उद्धट आहे.

शेवटचं आधी घेते. ते वाक्य उद्धट आहेच, वर चुकीचंही आहे. बेसूर गाणाऱ्या पुष्कळांना दोन सुरांतला फरक अगदी नीट कळतो. त्यांचं अडतं ते कळलेला सूर गळ्यातून काढताना. म्हणजे गळा चुकला यावरून कान चुकला असं ठरत नाही. लिहिण्याच्या भरात मी ते ठोकून दिलं. मागे घेते.

पण महिनाभर करूनही फरक का पडला नाही, याचं कारण तुमच्याच एका वाक्यात सापडलं. ‘कीबोर्डवर स्वर धरून ठेवतो आणि त्याच्याबरोबर म्हणतो’ असं तुम्ही लिहिलंय. इथंच गोम आहे. पुढे सूर वाजत असताना गळा त्याचं बोट धरून चालतो. थोडा खाली लागला तर वर सरकतो, वर लागला तर खाली येतो, आणि दोन क्षणांत मिळून जातो. कानाला काही ठरवावंच लागत नाही. अशानं गळ्याचा व्यायाम होईल, कान तयार व्हायचा नाही.

क्रम उलटा करा. फक्त सा वाजवा आणि हात काढून घ्या. आवाज पूर्ण विरू द्या. आता गंधार, म्हणजे ग, मनात ऐका. तोंड बंदच ठेवा, घाई नको. तो मनात स्पष्ट उमटला की मग म्हणा, आणि तो धरून ठेवूनच कीबोर्डवर ग वाजवा. चुकला असेल तर लगेच सरकवून दुरुस्त करू नका. वर होता की खाली, हे आधी स्वतःशी ठरवा. या सगळ्यात महत्त्वाचे आहेत ते मधले दोन-तीन शांत सेकंद. गळ्याला ना सतारीसारखे पडदे आहेत ना पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. सूर आधी मनात नसेल तर काढायचा कुठून? वाद्यावर मात्र मनात काहीही नसताना बोट बरोबर जागी पडू शकतं.

हे मी स्वतःवरून सांगते. पेटी शिकायला लागून चार वर्षं झाली होती. एक धून मी झोपेतही वाजवली असती. एके दिवशी बाईंनी पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाल्या, ‘आता म्हण.’ म्हटली. उतरताना गळा आपसूक कोमल गंधारावर, म्हणजे शुद्ध गंधाराच्या किंचित खालच्या सुरावर आला, आणि तोच बरोबर होता. मी मात्र कित्येक महिने तिथं शुद्ध गंधार वाजवत होते, कारण बोटाला तिथली पांढरी पट्टी सोयीची होती! धून डोक्यात बरोबर होती, पण बोटांनी डोक्याला कधी विचारलंच नव्हतं.

आता ट्यूनर. तो चुगली चांगली करतो, पण ती डोळ्यांना. काटा बघून सूर सरकवायची सवय लागली की दुरुस्ती डोळेच करतात. दुसरी गंमत अशी की तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार ट्यूनरला उतरलेला दिसतो. सा 240 हर्ट्झ धरला, तर त्याच्याशी 5:4 या प्रमाणात बसणारा गंधार 300 येतो. कीबोर्डचा गंधार, आणि ट्यूनर मोजतो तोही, येतो 302.4 च्या आसपास, कारण तिथं सप्तकाचे 12 सारखे भाग पाडलेले असतात. तंबोऱ्याबरोबर हा कीबोर्डचा ग लावला तर एक बारीक थरथर ऐकू येते. 300 वर ती थांबते. ती थांबल्याचं ज्याला कळलं, त्यानं काट्याकडे बघायचं कारण नाही. अर्थात तुमचं वाद्य कीबोर्डच आहे, तेव्हा तुम्हाला वाजवताना 302.4 वरच राहायचंय. पण फरक ऐकून तर ठेवा.

‘मोठे वादक कुठे गातात?’ असंही तुम्ही विचारलंय. विलायत खाँ सतार वाजवता वाजवता मैफलीत सरळ गाऊन दाखवत. पियानोवाला ग्लेन गूल्ड तर इतका गुणगुणायचा की त्याच्या रेकॉर्डमध्येही ते ऐकू येतं. तबलजीसुद्धा बोल आधी तोंडानं पढतात. पण हे राहू द्या. थोरांचे दाखले दोन्ही बाजूंनी देता येतात.

‘वरच्या सुरांना आवाज फाटतो’ ही तुमची तक्रार मात्र सर्वस्वी माझ्यामुळे. मी दिलेली ध्वनिफीत माझ्या पट्टीत, काळी चारमध्ये (म्हणजे पेटीची चौथी काळी हा सा धरून) होती, आणि बहुतेक पुरुषांना ती उंच पडते. आज तीच फीत खालच्या पट्टीत, काळी एकमध्ये, पुन्हा टाकली आहे. त्यात सा नंतर मुद्दाम लांब मोकळी जागा सोडलीय, रेकॉर्डिंग बंद पडलं असं समजू नका. तीही उंच वाटली तर आणखी खाली घ्या. आवाज चांगला लागायची अजिबात गरज नाही. पुटपुटलात तरी चालेल, फक्त सूर ओळखू यायला हवा. पंधरा दिवस असं करून पाहा, आणि मग हवं तर पुन्हा भांडायला या.