व्यापार करार आणि फाइल शेअरिंग: भीती भलत्याच कलमांची

नव्या व्यापार कराराची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरतो: ‘करारावर सही झाली की टॉरंट वापरणारा प्रत्येक जण गुन्हेगार. तीनदा सापडलात तर इंटरनेट बंद. विमानतळावर लॅपटॉप उघडून गाणी तपासणार.’ (टॉरंट म्हणजे वापरणाऱ्यांनी एकमेकांना थेट फाइल पाठवण्याची पद्धत.) हे दावे कलमांशी ताडून पाहू.

‘सही झाली की लागू.’
नाही. सहीनंतर देशाचं अनुमोदन लागतं आणि बहुतेक ठिकाणी देशातला कायदाही बदलावा लागतो. बनावट माल आणि पायरसीविरोधातल्या ‘ॲक्टा’ या व्यापार करारावर ऑक्टोबर २०११ मध्ये टोकियोत आठ देशांनी सह्या केल्या, जानेवारी २०१२ मध्ये युरोपीय संघानेही केली. ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. अंमलासाठी सहा अनुमोदनं हवी होती, ती जमलीच नाहीत.

‘डाउनलोड केलं की तुरुंग.’
१९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स कराराचं (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरचा करार) कलम ६१ फौजदारी कारवाई सक्तीची करतं, पण ती जाणूनबुजून आणि ‘व्यावसायिक प्रमाणावर’ केलेल्या पायरसीसाठी. मात्र ही किमान अट आहे. देश स्वतःहून अधिक कडक होऊ शकतो. जपानने २०१२ मध्ये बेकायदा डाउनलोडसाठी दोन वर्षांपर्यंतची कैद आणली, ती स्वतःच्या कायद्याने. त्यामुळे करारात नाही म्हणजे शिक्षाच नाही, असा उलटा अर्थही काढू नका.

टॉरंटच्या बाबतीत तर ‘मी फक्त उतरवून घेतलं’ हा बचाव सहसा टिकत नाही. फाइल तुकड्यातुकड्यांनी येते आणि हाती आलेला तुकडा सॉफ्टवेअर लगेच इतरांना पाठवू लागतं. म्हणजे तुम्ही ती फाइल लोकांना उपलब्ध करून देत असता, आणि तो हक्क वायपो या संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या कॉपीराइट कराराच्या कलम ८ ने निर्मात्याला दिलेला आहे. तीच फाइल वाटून घेणाऱ्यांच्या गटात शिरलेल्या हक्कधारकाच्या यंत्रणेला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतो. नोटीस सेवा पुरवठादाराकडे जाते ती तिथून.

‘तीनदा सापडलात की इंटरनेट बंद.’
ही तरतूद फ्रान्सच्या २००९ च्या हादोपी कायद्यातली. ॲक्टाच्या अंतिम मजकुरात तशी सक्ती नव्हती, आणि फ्रान्सनेही २०१३ मध्ये जोडणी तोडण्याची शिक्षा काढून टाकली.

‘विमानतळावर झडती.’
प्रवाशाच्या सामानातल्या थोड्या, बिगरव्यापारी वस्तू सीमेवरच्या कारवाईतून वगळण्याची मुभा ट्रिप्सच्या कलम ६० मध्ये आहे, ॲक्टाच्या कलम १४ मध्येही होती.

मग करारांचा फटका बसतो कुठे? आधी कॉपीराइटच्या मुदतीत. ट्रिप्सची सर्वसाधारण किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं. अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारामुळे कॅनडाने ३० डिसेंबर २०२२ रोजी ती ७० केली. १९७२ मध्ये वारलेल्या लेखकांचं लेखन दोन दिवसांनी तिथे सर्वांसाठी मोकळं होणार होतं; आता ते २०४३ मध्ये होईल. वीस वर्षांचा हा खंड कोणत्याही झडतीपेक्षा मोठा आहे, आणि त्याबद्दल फिरत्या मजकुरात अवाक्षर नसतं. दुसरा फटका डिजिटल कुलुपांचा, म्हणजे प्रत घेणं रोखणाऱ्या तांत्रिक अडथळ्यांचा: अशा कलमांखाली कुलूप तोडणं हाच वेगळा गुन्हा ठरू शकतो, आतली प्रत घेणं एरवी कायदेशीर असलं तरी. अमेरिकेने २०१७ मध्ये टीपीपी हा पॅसिफिक महासागराभोवतालच्या देशांचा व्यापार करार सोडल्यावर उरलेल्या ११ देशांनी मुदत, कुलुपं आणि सेवा पुरवठादारांची जबाबदारी ही तिन्ही कलमं स्थगित केली. ती नेमकी कुणाला हवी होती, ते यावरून कळतं.

मसुदा हाती आला तर बौद्धिक संपदेचं प्रकरण उघडा आणि प्रत्येक कलमात सक्ती आहे की मुभा ते पाहा. मग परिशिष्टं वाचा, कारण सवलती तिथे असतात. मजकूर काढून टाकण्याऐवजी नोटीस फक्त ग्राहकाकडे पोचवायची, ही आपली पद्धत कॅनडाने अशाच एका परिशिष्टातून राखली.