वाद नऊ महिन्यांचा, आयुष्य साठ वर्षांचं

मायदेशातून डाउन सिंड्रोमची, म्हणजे बुद्धीवर आणि शरीरावर परिणाम करणाऱ्या जन्मजात स्थितीची, बातमी येते ती बहुतेक वेळा कोर्टातली असते. गर्भ पाच-सहा महिन्यांचा झालेला, निदान उशिरा कळलेलं, कायद्याची मुदत उलटलेली आणि आईवडील परवानगी मागताहेत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका महिलेला २६ व्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी नाकारली, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चांगलीच खडाजंगी झाली. एक बाजू म्हणाली, त्या मुलाचे आणि आईबापांचे हाल कशाला? दुसरी म्हणाली, देवाने दिलेला जीव आहे. २०२१ मध्ये कायदा बदलला. गर्भात गंभीर व्यंग असेल, तर आता २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपात करता येतो. वाद मात्र होता तिथेच आहे. दोन्ही बाजू जन्मापाशी येऊन थांबतात. मूल जन्माला आलं तर त्याच्या कोणकोणत्या तपासण्या करायच्या, कधी करायच्या, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मी इंग्लंडमध्ये एका प्राथमिक शाळेत सहायक आहे. इथे हा प्रश्न सुटलाय, असं अजिबात नाही. गंभीर अपंगत्वाची शक्यता असेल तर इथला कायदा प्रसूतीपर्यंत कधीही गर्भपाताला परवानगी देतो. हायडी क्राउटर या डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि २०२१ व २०२२ अशी दोन्ही वेळा ती हरली. गर्भात निदान झालेल्या बहुसंख्य स्त्रिया इथेही गर्भपाताचा निर्णय घेतात. तो निर्णय त्या बाईचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण निर्णय घेताना तिच्यासमोर पूर्ण माहिती असायला हवी, आणि मूल जन्मल्यावर त्याच्या तब्येतीकडे बघणारं कुणीतरी हवं. यातल्या दुसऱ्या गोष्टीत इथे आणि तिथे मोठा फरक दिसतो.

एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणं, हे या स्थितीचं कारण. फ्रेंच डॉक्टर झेरोम ल्यजन यांच्या गटाने ते १९५९ मध्ये दाखवून दिलं. यात आईवडिलांचं काही चुकलेलं नसतं. (आईचं वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं, पण मुळात तरुण आयांची बाळंतपणंच जास्त असल्याने अशी बरीच मुलं त्यांच्या पोटी जन्मतात.) ती जादा प्रत बहुतेकांच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते, त्यामुळे परिणाम फक्त बुद्धीपुरता राहत नाही. जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. नुसत्या स्टेथोस्कोपने तो कळेलच असं नाही, म्हणून बाळ ठणठणीत दिसलं तरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा. छिद्र मोठं असेल आणि वेळ गेला, तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब इतका वाढतो की पुढे शस्त्रक्रियाच करता येत नाही. ती साधारण पहिल्या सहा महिन्यांत व्हावी लागते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य देशांत या लोकांचं सरासरी आयुर्मान २५ च्या आसपास होतं, आज ते ६० च्या घरात आहे. त्यातला मोठा वाटा या शस्त्रक्रियांचा.

थायरॉइड, डोळे, झोपेत श्वास अडकणं, रक्ताचा कर्करोग, मानेच्या वरच्या मणक्यांचा सैलपणा, सगळ्यांवरच लक्ष ठेवावं लागतं. मला मात्र कानांबद्दल जास्त सांगायचंय, कारण ते मी रोज बघते.

आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या कानांच्या पडद्यामागे चिकट द्रव साठतो. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, त्यामुळे हे फार आढळतं. ती डोक्याला एक पट्टा बांधते. त्यावरचं छोटं यंत्र कवटीच्या हाडातून आवाज आत पोचवतं. एरवी ती पुढच्या बाकावर बसून शिक्षिकेच्या तोंडाकडे बघत आकडे म्हणते. एका दुपारी ती अचानक टेबलाखाली जाऊन बसली. हाक मारली तरी हलेना. नव्या शिक्षिकेला वाटलं, हट्ट करतेय. मी यंत्र तपासलं, बॅटरी संपली होती. बदलली, आणि थोड्याच वेळात ती वर येऊन चौदापासून पुढे मोजायला लागली. आपल्याकडे अशी किती मुलं ‘ऐकतच नाही’ म्हणून वर्गाच्या कोपऱ्यात बसली असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

इथे प्रत्येक बाळाच्या आरोग्यनोंदीची एक लाल वही असते. डाउन सिंड्रोम असेल तर तीत वेगळी पानं घालतात. कोणती तपासणी कोणत्या वयात आणि या मुलांची वाढ कशी मोजायची, हे त्यात छापलेलं असतं. त्यामुळे काय विचारायचं, हे आईला माहीत असतं. यात श्रीमंत देशालाच परवडेल असं काय आहे? भारतात २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जन्मतः तपासायच्या दोषांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे, जिल्हा पातळीवर त्वरित हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. थायरॉइडची चाचणी साधी रक्ताची. मग ग्रुपवर भांडणाऱ्या एकानेही आपल्या जिल्ह्यातलं हे केंद्र कसं चाललंय, तिथे कानाची तपासणी होते का, असं का विचारू नये?

आणि मोठी झालेली माणसं? ती तर तिकडच्या चर्चेत नसतातच. इंग्लंडमध्ये वयाच्या चौदाव्या वर्षापासून दरवर्षी तपासणीची सोय आहे, २०२२ चा डाउन सिंड्रोम कायदाही आहे. तरी बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी सुमारे २० वर्षं आधी जातात. त्यामागचं एक कारण असं की तक्रार काहीही असो, डॉक्टर ती सिंड्रोमच्या खात्यात टाकून मोकळे होतात. अल्झायमरशी संबंध असलेलं एक जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर असतं, त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतच विसराळूपणा सुरू होऊ शकतो. पण चाळिशीतला माणूस गप्प झाला, कामातून मन उडालं, दिवसा पेंगू लागला, म्हणजे तो अल्झायमरच असं नव्हे. थायरॉइड कमी पडला, ऐकू येईनासं झालं, रात्री श्वास अडकू लागला किंवा आई गेल्याचं दुःख आत साठलं, तरी नेमकं असंच दिसतं. यातल्या प्रत्येकावर काही ना काही उपाय आहे. डॉक्टरांनी आधी हे सगळं तपासावं, असा आग्रह घरच्यांनी धरायला हवा. आईवडील थकले असतील, तर तो भावंडांनी धरावा.