“पोलिंग आहे की, मग इव्हेंट्स कशाला?” – व्हॉल्टच्या पोस्टवरच्या कमेंटला उत्तर

कमेंट तिखट आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळीत उरकत नाही. व्हॉल्ट म्हणजे पासवर्डसारखी गुपितं (सिक्रेट्स) सांभाळणारं हॅशीकॉर्पचं सॉफ्टवेअर, सिक्रेट बदललं की ते स्वतःहून कळवतं ते इव्हेंट नोटिफिकेशन, आणि “बदललं का” हे आपणच ठराविक वेळाने बघत राहणं म्हणजे पोलिंग; माझी पोस्ट या इव्हेंट्सवर होती. ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यांचं म्हणणं असं की व्हॉल्ट एजंट (ॲपशेजारी चालणारा, त्याच्यासाठी सिक्रेट आणणारा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी सिक्रेट बघतोच, मग इव्हेंट नोटिफिकेशनची भानगड कशाला, वर इव्हेंट हरवला तर ॲप जुन्याच पासवर्डवर बसून राहणार, नोटिफिकेशनमधून सिक्रेट फुटायची भीती वेगळीच, सिक्रेट बदललं तरी जावा आणि हिकारी पूल (डेटाबेस कनेक्शन्स उघडून तयार ठेवणारी लायब्ररी) वापरणाऱ्या ॲपला काय कळणार, आणि एवढं सगळं विकतचं एंटरप्राइज लायसन्स खपवायला चाललंय.

सिक्रेट फुटण्याचं आधी घेतो कारण ते पटकन निकालात निघतं. इव्हेंटमध्ये पासवर्ड नसतोच हो. आयडी असतो, प्रकार असतो, कुठल्या पाथवर (सिक्रेटचा व्हॉल्टमधला पत्ता) काय ऑपरेशन झालं ते असतं, आणि केव्हीचं (साधी सिक्रेट्स ठेवायचा व्हॉल्टचा कप्पा) दुसरं व्हर्जन वापरत असाल तर सध्याचा व्हर्जन नंबर. बास. मिस्ड कॉल समजा, काय झालं ते कळायला आपणच परत फोन लावायचा. म्हणजे खरी व्हॅल्यू हवी तर स्वतःच्या टोकनने (व्हॉल्टने दिलेला ओळखपास) रीड मारा, तिथे कोणी काय वाचायचं याची पॉलिसी आहेच. नुसता मिस्ड कॉल हवा असला तरी त्या पाथवर सबस्क्राइबची वेगळी परवानगी लागते. गूगलचं सिक्रेट मॅनेजरही पब-सबवर (गूगलची मेसेज पोचवणारी सेवा) मेसेज टाकतं, त्यातही व्हॅल्यू जात नाही. हां, पाथचं नाव मात्र दिसतं, त्यामुळे पाथमध्ये क्लायंटचं नाव घालायची सवय असेल तर जरा जपून.

इव्हेंट हरवण्याचा मुद्दा खरा आहे आणि मी मूळ पोस्टमध्येही तेच लिहिलं होतं. व्हॉल्ट इव्हेंट जास्तीत जास्त एकदाच पाठवतं, साठवून ठेवत नाही. वेबसॉकेट (ज्यावरून इव्हेंट येतात ते सतत उघडं कनेक्शन) तुटलं, तेवढ्या वेळात कोणी नवीन व्हर्जन लिहिलं, तुम्ही परत जोडलात, तर त्या लिहिण्याचा इव्हेंट तुम्हाला कधीच येणार नाही. पण म्हणून फीचर टाकाऊ होत नाही, वापरायची पद्धत ठरते. जोडलं गेलं की, आणि दर वेळी परत जोडलं गेलं की, पहिल्यांदा सबस्क्राइब करायचं आणि त्यानंतर सिक्रेट वाचून आपल्याकडच्या व्हर्जन नंबरशी ताडून बघायचं. क्रम उलटा केलात तर वाचणं आणि सबस्क्राइब करणं यांच्यामध्ये एक फट राहते आणि नेमकं त्या फटीतच कोणीतरी पासवर्ड बदलतं, हा असला बग डेव्हवर (डेव्हलपमेंटच्या मशीनवर) कधीच दिसत नाही, प्रॉडवरच (खऱ्या वापरात) दिसतो. शिवाय पोलिंग चालू ठेवायचंच, फक्त निवांत. मी कुठेही “पोलिंग बंद करा” म्हटलेलं नाही.

आता पाच मिनिटांचं. एजंटच्या टेम्प्लेटमध्ये साध्या केव्ही सिक्रेटसाठी डिफॉल्ट तेवढंच आहे, बरोबर. पण जरा हिशोब मांडा. समजा ३०० पॉड्स (कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या सिस्टिममधल्या ॲपच्या प्रती) आहेत, प्रत्येकाला ८ सिक्रेट्स लागतात आणि प्रत्येक पॉडमध्ये आपला एजंट आहे. पाच मिनिटांत २४०० रीड्स, म्हणजे सेकंदाला ८. ठीक आहे, व्हॉल्ट सहज झेलेल. मग सिक्युरिटीवाले म्हणतात पासवर्ड फिरवल्यावर पाच मिनिटं थांबणं चालणार नाही, दहा सेकंद करा. झाले सेकंदाला २४०. आणि व्हॉल्टचा ऑडिट लॉग प्रत्येक रिक्वेस्टची एक नोंद करतो आणि रिस्पॉन्सची दुसरी, म्हणजे सेकंदाला ४८० नोंदी, ज्यातल्या जवळपास सगळ्या “काही बदललं नाही” एवढंच सांगणाऱ्या. ज्या दिवशी एखादं टोकन चोरीला जातं आणि “हे सिक्रेट कोणी वाचलं” हे शोधायला तुम्ही लॉग उघडता त्या दिवशी या कचऱ्यातून एक परका रीड शोधून दाखवा. माझ्या मते इव्हेंट्सचा खरा फायदा इथे आहे, वेग वगैरे नंतर. निवांत पोलिंग सोडलं तर इव्हेंट आला तरच रीड होत असेल, तर लॉगमधल्या बाकी प्रत्येक रीडला काहीतरी कारण असतं.

फक्त ३०० पॉड्सना एकाच क्षणी इव्हेंट मिळून सगळ्यांनी एकदम व्हॉल्टवर धाड घालू नये म्हणून प्रत्येकाने वाचण्याआधी थोडं रँडम थांबायचं, हे विसरू नका.

लायसन्सबद्दल: व्हॉल्टच्या १.१३ मध्ये हे अल्फा म्हणून आलं आणि १.१६ पासून एंटरप्राइजमध्ये गेलं, मलाही आवडलं नाही, पण कल्पना काही एकट्या हॅशीकॉर्पची नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझुअर क्लाउडचं “की व्हॉल्ट” नवीन व्हर्जन बनलं की इव्हेंट ग्रिडवर (अझुअरची इव्हेंट पोचवणारी सेवा) कळवतं, शिवाय सिक्रेटची मुदत संपायच्या ३० दिवस आधीही कळवतं, आणि इव्हेंट ग्रिड डिलिव्हरी फसली तर परत प्रयत्न करतं. फुकटच्या कम्युनिटी एडिशनवर असाल तर पोलिंगच करा, त्यात कमीपणा काही नाही.

एका ठिकाणी मात्र तुम्हाला पूर्ण मार्क. “ॲपला काय कळणार” हा तुमचा प्रश्न सगळ्यात भारी होता. सिक्रेट एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमधून (ॲप सुरू होताना एकदाच मिळणारं सेटिंग) घेतलं असेल तर पॉड रीस्टार्ट होईपर्यंत ढिम्म काही बदलत नाही, इव्हेंट येवो नाहीतर न येवो. कुबरनेटिसमध्ये सिक्रेट व्हॉल्यूम (पॉडमध्ये जोडलेलं फोल्डर) म्हणून लावलं तर फाइल बदलते, पण सबपाथने (त्यातली एकच फाइल) लावलं असेल तर तीही नाही.

तुम्ही जावा आणि हिकारी पूल म्हणालात, तिथे अजून एक गंमत आहे. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पासवर्ड बदलला तरी आधी उघडलेली कनेक्शन्स चालूच राहतात, आणि हिकारी डिफॉल्टला एक कनेक्शन ३० मिनिटं जगवतं, म्हणून सुरुवातीला सगळं ठणठणीत वाटतं आणि मग एकेक कनेक्शन म्हातारं होऊन मरायला लागलं की नवीन लॉगिन फेल व्हायला लागतात, तोपर्यंत पासवर्ड बदलल्याचं कोणाच्या डोक्यातही नसतं. त्यामुळे इव्हेंट आला की नवीन पासवर्ड वाचा, रनटाइमलाच एमबीनमधून (चालू जावा ॲपची सेटिंग्ज बदलायची सोय) पूलला द्या आणि सॉफ्ट एव्हिक्ट मारा, म्हणजे रिकामी कनेक्शन्स लगेच बंद होतात आणि कामात असलेली काम संपल्यावर. हे आधी स्टेजिंगवर करून बघा, आणि लॉगमध्ये काही विचित्र दिसलं तर इथेच टाका, फक्त पाथ खोडून.